टेलरकाकूंची टाच

डॉक्टरांनी टाचेजवळची कातडी चिमटीत धरायचा प्रयत्न केला. धरता येईना. पाय सुजून इतका तुकतुकीत झाला होता की त्यांची बोटं नुसती घसरत होती.

"अजून नाही," ते म्हणाले. "सुरकुत्या आलेल्या नाहीत."

"काय एकेक ऐकायचं बाई!" काकू उशीवरूनच म्हणाल्या. "लोक जन्मभर सुरकुत्या जाव्यात म्हणून तोंडाला काय काय फासतात, आणि तुम्हाला त्या हव्यात. चेहऱ्यावरच्या चालत असतील तर लागतील तेवढ्या घ्या."

ड्रेसिंगचा ट्रे घेऊन उभी असलेली नर्स फिसकन हसली. डॉक्टरही हसले, पण त्यांचं लक्ष पायावरून हललं नाही. सूज असताना कापलं तर टाके धरत नाहीत, जखम उघडी पडते, आणि टाचेची जखम एकदा उघडी पडली की मिटता मिटत नाही, असं त्यांनी सांगितलं. सूज उतरून कातडीला चुण्या पडल्या की मगच ऑपरेशन. तोवर पाय उशांवर उंच ठेवायचा आणि स्वस्थ पडून राहायचं.

चुण्यांचं काकूंना फार समजवावं लागलं नाही. ताणलेल्या कापडावर घातलेली शिवण उसवते, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. स्वस्थ पडून राहायचं, हे मात्र त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

सगळी गल्ली त्यांना टेलरकाकू म्हणायची. लग्न होऊन आल्या तेव्हापासून पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं पायमशीन होतं, आणि गल्लीतल्या निम्म्या पोरांचे शाळेचे गणवेश, निम्म्या घरांचे पडदे त्याच मशीनवरून गेलेले. आता गणवेश तयार मिळतात, पडदेही मिळतात. काकूंकडे यायचे ते उसवलेलं, तोकडं झालेलं आणि सैल पडलेलं घेऊन. पण मशीन बंद नव्हतं. सकाळी चहा झाला की काकू बसायच्या, त्या जेवणाच्या वेळेपर्यंत. काम नसलं तरी बसायच्या. जुनी चादर घ्यायची, मधोमध फाडायची, पुन्हा जोडायची. सून पहिल्यांदा बघून चक्रावलीच होती.

"आई, ही चादर परवाच जोडलीत ना तुम्ही?"

"वाकडी झाली होती," काकूंनी ठोकून दिलं होतं.

खरं कारण काकांचं होतं.

काका छापखान्यात मशीनवर होते. सगळं आयुष्य त्या खडखडाटात गेलं, त्यामुळे त्यांचे कान फार तिखट. पलीकडच्या खोलीत बसून ते सांगायचे, की तुझ्या मशीनचा पट्टा सैल झालाय. त्यांच्या डोक्यातलं एकेक पुसलं जायला लागलं, तेव्हा आधी तारखा गेल्या, मग शेजारी गेले, मग मुलाचं नाव गेलं. मुलगा फिरतीच्या नोकरीवर, महिन्यातून थोडे दिवस घरी. तो दारात उभा राहिला की काका उठून "या, बसा" म्हणायचे. काकूंच्या चेहऱ्याचाही काही भरवसा राहिला नव्हता. स्वयंपाकघरात त्या समोर आल्या तर काका कधी ओळखायचे, कधी नुसते बघत राहायचे. पण काकू मशीनवर बसल्या आणि पॅडल चालू झालं, की काकांचा चेहरा मोकळा व्हायचा. बाजूच्या खुर्चीत ते निवांत बसायचे. मशीन जरा थांबलं की लगेच हाक यायची, "थांबलीस का गं?"

"दोरा संपला," काकू म्हणायच्या.

"भर मग."

संसारातलं एवढंच बोलणं शिल्लक राहिलं होतं. पण तेवढ्यावर काकूंचा दिवस निघायचा. हा माणूस आपल्याला पायावरून ओळखतो, याचं त्यांना हसूही यायचं आणि बरंही वाटायचं.

पडल्या त्या दिवशी त्या काकांच्याच शर्टासाठी कापड काढायला स्टुलावर चढल्या होत्या. माळ्यावर ट्रंकेत निळ्या बारीक रेघांचं कापड होतं. मशीन थांबलेलं, सून बाजारात. हाक आली नाही. त्याऐवजी कडी वाजली. मशीन गप्प झालं म्हणून काका "मंडळींना" शोधायला बाहेर निघाले होते, आणि बाहेर वाहता रस्ता. काकूंनी मागचापुढचा विचार न करता स्टुलावरून उडी टाकली. सगळा भार उजव्या टाचेवर आला. आतून काहीतरी मोडल्याचा आवाज त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला. तशाच सरपटत गेल्या आणि दारात काकांचा पायजमा धरून बसल्या.

"स्टूल निसटलं," असं त्यांनी सुनेला सांगितलं. मुलाला फोनवरही तेच. काकांमुळे झालं म्हटलं असतं तर उद्यापासून घरात त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं बघितलं गेलं असतं, आणि मग त्यांना कुठेतरी नेऊन ठेवायच्या गोष्टी निघाल्या असत्या. बिचारं स्टूल मात्र फुकटचं बदनाम झालं. सुनेनं ते उचलून गॅलरीत टाकलं.

टाचेच्या हाडाचे तुकडे झाले होते. दवाखान्यात आणलं त्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडापुढे धरून दाखवला होता.

"खरं सांगू काकू? तुमच्या वयाला मी ऑपरेशनचा आग्रह धरणार नाही. तुम्हाला साखर आहे, कातडी पातळ झालीय. ऑपरेशनशिवाय, नुसतं बांधून ठेवूनही हाड जुळेल. टाच थोडी पसरट होईल, घोटा आखडेल. पण घरातल्या घरात चालाल."

"मशीन चालवता येईल?"

"शिवणाचं? त्याला हल्ली मोटार बसवतात की."

"मोटार नको. पायानं."

"पायानं अवघड आहे. घोटा वरखाली नीट व्हायला हवा. पॅडल दाबलं की टाचेत कळ येईल. रोज तासन्‌तास तर नाहीच."

"आणि ऑपरेशन केलं तर?"

"हाड जागेवर बसवून स्क्रू घातले, जखम नीट भरली, नंतर अडीच-तीन महिने पाय जमिनीला टेकवला नाहीत, तर चालवालही. पण यात 'तर' किती आहेत बघा."

काकूंनी ते 'तर' ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ऑपरेशन करा."

डॉक्टरांना नवल वाटलं. या वयात कुणी मशीनसाठी पाय कापून घेतं का, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं असावं. मग काकूंनी त्यांना सगळं सांगितलं. कडी वाजली तेही सांगितलं. घरातल्यांना जे सांगितलं नाही ते आपण या परक्या माणसाला सांगतोय, याचा त्यांना स्वतःचाच राग आला.

"सुनेला बोलू नका हं," त्या नाक पुसत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर टाच बघायला स्वतः यायला लागले.

सून रोज डबा घेऊन यायची. तेवढा वेळ शेजारीण काकांपाशी बसायची. सून तोंडानं फटकळ, पण कामाला वाघ. आल्या आल्या घरची हकिकत सांगायची. एक दिवस ती हसतच आली.

"आई, आज मी पराक्रम केला. बाबा सारखे दाराकडे जायला लागले, म्हणून म्हटलं आपणच बसावं मशीनवर. दोराबिरा काही नाही, नुसतं पॅडल मारत बसले."

"मग?"

"बाबा आले, मान तिरकी करून ऐकलं, आणि म्हणाले, 'बाई, याला तेल कमी पडलंय की तुम्हाला येत नाही?'" सून खो खो हसली. "मी म्हटलं, येत नाही. तर म्हणाले, 'मग राहू दे. आमची मंडळी आली की करेल.'"

काकूही हसल्या. हसता हसता सुनेचे डोळे भरून आले, तेव्हा काकूंनी तिच्या डब्याचं झाकण उगीचच दोनदा लावलं.

मुलानं येऊन मशीनला मोटार बसवून बघितली. त्या घूंऽऽ आवाजानं काका इतके घाबरले की दोन दिवस पुढच्या खोलीत फिरकले नाहीत. मोटार काढून टाकावी लागली.

काकूंचा सगळा जीव त्या टाचेत येऊन बसला होता. सकाळी उजाडलं की त्या पायाकडे बघायच्या. उठता येत नव्हतं, म्हणून नर्सला विचारायच्या, "बघ गं, एखादी तरी आली का?" नर्स वाकून बघायची आणि मान हलवायची. शेवटी एका सकाळी डॉक्टरांनी चिमटी धरली आणि कातडी चिमटीत आली. घोट्याखाली बारीक बारीक रेघा उमटल्या होत्या.

"आल्या!" नर्स ओरडली. जणू पाहुणेच आले.

"या बाई या," काकू आपल्या सुरकुत्यांना म्हणाल्या.

ऑपरेशन नीट झालं. छोटा छेद घेऊन हाड जागेवर बसवलं, स्क्रू घातले. जखम भरली, टाके निघाले. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "घोटा हवेत हलवायचा, बोटं हलवायची. पण टाच टेकवायची नाही. पॅडल तर नाहीच नाही. मी सांगेपर्यंत थांबा. आता घाई केलीत तर स्क्रू सरकतील, मग माझ्याही हातात काही उरणार नाही."

काकूंची कॉट पुढच्या खोलीतच टाकली, मशीनच्या समोर. काका आले, उभे राहिले, पायावरच्या पट्टीकडे बघत राहिले.

"फार लागलंय का हो?" त्यांनी विचारलं.

"अहो, मी आहे," काकू म्हणाल्या.

"हो, हो," काका म्हणाले, आणि दाराकडे गेले.

मग वाट बघण्याचे दिवस सुरू झाले. काकू पडल्या पडल्या घोटा हलवायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून जास्तच. चादरीखाली त्यांचा पाय हवेतच पॅडल मारायचा, टाच खाली, चवडा खाली, पुन्हा टाच खाली. समोर मशीनवर सुनेनं कापड झाकून ठेवलं होतं. काका अधूनमधून येऊन ते कापड उचलून बघायचे आणि पुन्हा ठेवायचे. काकूंना वाटायचं, बघा, शोधतायत.

एका दुपारी काकांनी फारच लावून धरलं. "आमची मंडळी कुठे गेली, सांगत का नाही कुणी?" म्हणून ते रडायला लागले. लहान मुलासारखे नाही, मोठ्या माणसासारखे, आवाज न करता. सून समजूत घालून थकली. काकूंना ते बघवेना. त्या वॉकर धरून एका पायावर उड्या मारत मशीनपाशी गेल्या, उजवा पाय बाजूच्या उशीवर ठेवला आणि डाव्या पायानं पॅडल मारायला लागल्या. एका पायाचं ते चालणं, कधी भरभर, कधी अडखळत. चाक मध्येच उलटं फिरायचं.

काका रडायचे थांबले. जवळ आले. मान तिरकी करून ऐकत राहिले.

"लंगडतंय," ते म्हणाले.

"दुरुस्त होतंय," काकू म्हणाल्या. "थोडा दम धरा."

काका खुर्चीत बसले. काकूंची उजवी टाच उशीवर शिवशिवत होती. नुसती टेकवायची, भार न देता, फक्त ताल धरायला. समोर तो माणूस कान लावून बसलेला. आत्ता टेकवली तर आत्ता ओळखेल. सून दारात उभी होती. तिनं पायाकडे बघितलं, मग काकूंकडे.

"आई, नको. इतकं केलंत, आता थोडक्यासाठी नको."

काकूंनी टाच टेकवली नाही. आज टेकवली तर एक दुपार मिळेल, थांबलं तर वर्षं मिळतील, असा त्यांनी हिशेब केला. कुणीही शहाण्या माणसानं तोच केला असता. त्या पुन्हा वॉकर धरून कॉटवर आल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

त्यानंतर काकांनी मंडळींची चौकशी कमी कमी केली. आधी रोज विचारायचे, मग एखाद्या दिवशी, मग मध्येच कधीतरी. दाराकडेही जाईनासे झाले. खिडकीपाशी बसायचे ते बसूनच असायचे, घास तोंडात धरून विसरायचे. "बाबा शांत झालेत हल्ली," शेजारीण म्हणाली. कडी वाजावी, असं काकूंना आता वाटायला लागलं होतं.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी नवा फोटो उजेडापुढे धरला आणि स्वतःच खूष झाले. घोटा वरखाली करून बघितला. टाचेवर अंगठा दाबला.

"दुखतं?"

"थोडं."

"थोडं दुखणारच. पण काकू, माझ्या अंदाजापेक्षा चांगलं जुळलंय. असं पथ्य पाळणारा पेशंट मी बघितला नाही. जा आता, चालवा मशीन." मग जरा थांबून त्यांनी हळूच विचारलं, "काका कसे आहेत?"

"बसतील आता ऐकत," काकू म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. सुनेनं आधीच मशीन पुसून, तेल घालून ठेवलं होतं. माळ्यावरचं निळ्या रेघांचं कापडही काढून ठेवलं होतं. काकूंनी मनातल्या मापानं कापड बेतलं, कापलं, दोरा ओवला, आणि दोन्ही पाय पॅडलवर ठेवले. पहिल्या दाबाला टाचेत कळ गेली. दुसऱ्याला जरा कमी. मग पाय आपोआप चालायला लागले आणि मशीननं आपला जुना ताल धरला. तोच, अगदी तोच. स्वयंपाकघरात सुनेनं नळ बंद केला.

काका खुर्चीत होते. खिडकीतून बाहेर बघत होते.

काकूंनी शर्टाची एक बाजू शिवली, दुसरी शिवली. काकांची मान तिरकी झाली नाही. मग काकूंनी मुद्दाम पाय थांबवले. खोलीत एकदम शांत झालं. त्या वाट बघत राहिल्या. सुईकडे बघत एका हाकेची वाट बघत राहिल्या. बाहेर कुणाचीतरी सायकल गेली. हाक आली नाही.

बऱ्याच वेळानं काकांनी वळून बघितलं. चेहऱ्यावर परक्या घरी आलेल्या माणसाची अदब होती.

"चालू द्या बाई तुमचं काम," ते म्हणाले. "माझी काही घाई नाही. आमची मंडळी आली की निघतो मी."

काकूंच्या हातातलं कापड हातातच राहिलं. "कुठे गेल्यात त्या?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा बरा निघाला.

"पडली म्हणे. पायाला लागलंय." काका थोडे विचारात पडले. "पाय बरा झाला की येईल."

"येतील की."

"तीही शिवते. फार छान शिवते."

"हो का?"

"तिचं मशीन मी कुठेही ओळखीन," काका म्हणाले आणि पुन्हा खिडकीकडे बघायला लागले.

स्वयंपाकघराच्या दारात सून आली होती. तिनं पदराचा बोळा तोंडावर धरला होता. काकूंनी तिला मानेनंच आत जायला सांगितलं. रडायचं त्यांच्याही मनात होतं, पण समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना त्या आयुष्यात कधी रडल्या नव्हत्या.

त्या उठल्या. मशीनच्या खणातून टेप काढली.

"जरा उभे राहता का?" त्या म्हणाल्या. "शर्टाचं माप घ्यायचंय."

"माझं?"

"तुमचंच."

काका लगेच उठले, ताठ उभे राहिले आणि हात बाजूला पसरले. मापं देताना ते नेहमी असेच उभे राहायचे. ही मापं काकूंना पाठ होती, त्यांवरच तर आत्ता कापड कापलं होतं. पण छातीभोवती टेप नेली तर ती जास्तीची उरली. काका इतके वाळले होते आणि कॉटवरून ते त्यांना दिसलं नव्हतं. टेप पाठीमागून पुढे आणायला त्यांना दोन्ही हात काकांच्या भोवती टाकावे लागले. त्यांनी ते जरा जास्तच वेळ ठेवले. काका निमूट उभे होते. त्यांच्या अंगाला तोच वास होता.

मग गळा घ्यायचा राहिला. काका उंच. काकूंनी चवड्यांवर उभं राहून टाचा उचलल्या. उजव्या टाचेत कळ आली तसा त्यांचा तोल किंचित गेला, आणि काकांनी पसरलेल्या हातांनी त्यांना दंडाला धरून सावरलं.

"सावकाश बाई," ते काळजीनं म्हणाले. "पाय दुखतोय वाटतं तुमचा."

"नाही," काकू त्यांच्या गळ्याभोवती टेप धरून म्हणाल्या. "आता बरा झालाय."